मोकळ्या दिवसाचा हिशेब: दुचाकीवरून लेह आणि परतल्यानंतरचे लेखन

नाशिकच्या एका तरुणाचा प्रश्न थोडक्यात असा आहे. सप्टेंबरमध्ये १६ दिवसांची रजा काढून ते एकटे मोटारसायकलवरून लेहला जाणार आहेत. मैदानी भागात रोज ६०० किलोमीटर, श्रीनगर ते लेह एका दिवसात, दुसऱ्या दिवशी लगेच खारदुंग ला ही उंच खिंड ओलांडून नुब्रा खोरे, पुढे पँगाँग तलाव, मग लेह ते मनाली एका दिवसात आणि तिथून सरळ घर, असे वेळापत्रक त्यांनी आखले आहे. मागच्या वर्षी ते स्पितीला जाऊन आले. परतल्यावर लिहायला बसले, तेव्हा "सकाळी सहाला निघालो, इतके किलोमीटर झाले, अमुक ठिकाणी पेट्रोल भरले" याच्या पलीकडे त्यांना काही लिहिता आले नाही. म्हणून त्यांचे दोन प्रश्न आहेत: हे वेळापत्रक जमेल का, आणि या वेळी लिहिण्याजोगे काही हाती लागावे यासाठी काय करावे?

गेली बावीस वर्षे मी हिमालयात दुचाकीवरून जातो आहे आणि त्यांपैकी दहा-बारा वर्षे लहान गटांना सोबत नेतो आहे. त्या अनुभवावरून सांगतो की हे दोन प्रश्न वेगळे नाहीत. आपल्या वेळापत्रकात एकही मोकळा दिवस नाही. ज्या कारणाने ते शरीराला धोक्याचे आहे, त्याच कारणाने ते लेखनालाही मारक आहे. स्पितीच्या लेखनात किलोमीटर आणि पेट्रोल एवढेच उरले, कारण त्या प्रवासात आपण लक्ष दिले ते बहुधा याच दोन गोष्टींकडे.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून असतात, हे आधी मान्य करतो. विरळ हवेचा त्रास कोणाला होईल हे वयावरून किंवा व्यायामावरून ठरत नाही. रोज दहा किलोमीटर धावणारा तरुण आडवा झालेला मी पाहिला आहे आणि साठीच्या गृहस्थांना काहीही न झालेलेही पाहिले आहे. आपली गाडी कोणती, ती किती जुनी, घाटात खडीवर चालवण्याचा सराव किती, आणि एकटेपणा मानवतो की नाही, यांवरही बरेच ठरते. तेव्हा पुढचे आकडे आपल्या मापाने थोडे कमीजास्त करून घ्यावेत.

प्रथम मार्गाविषयी. आपण श्रीनगरकडून चढून मनालीकडून उतरणार आहात, हा क्रम अगदी योग्य आहे. तो का योग्य आहे हे समजून घेतले, तर एका दिवसात लेह गाठण्याचा विचार आपण स्वतःच सोडाल. श्रीनगर सुमारे १,६०० मीटरवर आहे, कारगिल २,७०० मीटरच्या आसपास आणि लेह ३,५०० मीटरवर. वाटेत झोजी ला आणि ४,१०८ मीटरची फोतू ला लागते, पण या खिंडी ओलांडून आपण पुन्हा खाली उतरतो. शरीराच्या दृष्टीने दिवसा कुठवर चढलो यापेक्षा रात्री कुठे झोपलो हे जास्त महत्त्वाचे असते. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची जागा एका रात्रीत साधारण पाचशे मीटरपेक्षा जास्त उंच नेऊ नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस विश्रांतीचा ठेवावा, असा सर्वमान्य नियम आहे. कारगिलला एक मुक्काम केला, तर लेहची चढण या नियमात जवळजवळ बसते. थेट गेलात, तर सव्वाचारशे किलोमीटरच्या घाटरस्त्याचा शीण आणि एका दिवसातली १,९०० मीटरची चढण दोन्ही एकदम अंगावर येतात.

मनालीकडून चढणाऱ्यांची अडचण याहून मोठी असते. २०२० साली ९.०२ किलोमीटर लांबीचा अटल बोगदा सुरू झाल्यापासून रोहतांग खिंड टाळून पलीकडच्या लाहौल खोऱ्यात फार लवकर पोहोचता येते. सोय मोठी झाली, पण शरीराला मिळणारा वेळ कमी झाला. पहिली रात्र ३,२०० मीटरवरच्या जिस्पाला काढून लोक दुसऱ्या दिवशी सरचूला मुक्काम करतात. सरचू सुमारे ४,२९० मीटरवर आहे, म्हणजे एका रात्रीत हजार मीटरहून अधिक वाढ. पण सरचूचा खरा धोका उंचीपेक्षा तिच्या जागेत आहे. उंचीच्या त्रासावर खात्रीचा उपाय एकच, तो म्हणजे खाली उतरणे, आणि सरचूहून खाली उतरायचे तर आधी वर चढावे लागते. एका बाजूला ४,८९० मीटरच्या आसपासची बारालाचा ला आहे आणि दुसऱ्या बाजूला पाच हजार मीटरच्या पुढची लाचुलुंग ला. नकाशावर ही गोष्ट सहज ध्यानात येत नाही.

माझ्या ती ध्यानात आली एका रात्री. सोबतच्या एका मित्राला सरचूच्या तंबूत रात्री दोनच्या सुमारास असह्य डोकेदुखी आणि उलट्या सुरू झाल्या. बाहेर गोठवणारा वारा, रस्त्यावर बर्फाचा पापुद्रा. अंधारात दुचाकीवर त्याला बारालाचा चढवून नेणे शक्य नव्हते. पहाटेपर्यंत त्याला बसते ठेवून आम्ही तास मोजले. उजाडताच मनालीकडे रिकामा चाललेला एक ट्रक थांबला. चालकाने एका शब्दाचीही चौकशी न करता मित्राला आपल्या शेजारी घेतले, अंगावर स्वतःची रजई टाकली आणि मला पुढे न जाता मागून येण्यास बजावले. केलाँगला पोहोचेपर्यंत मित्राच्या चेहऱ्यावर रंग आला होता. चालकाने पैसे घेतले नाहीत, चहा मात्र घेतला. ते वेळापत्रक मी आखले होते आणि चूक माझी होती. त्या दिवसानंतर माझ्या कोणत्याही आखणीत वर चढताना सरचूचा मुक्काम नसतो.

आपल्या आखणीत लेहला पोहोचल्याच्या दुसऱ्या दिवशी खारदुंग ला आहे. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याच्या जवळ येतो, म्हणजे प्रत्येक श्वासात निम्माच प्राणवायू मिळतो. इंजिनालाही तेच लागू पडते. दर हजार मीटरला साधारण दहा टक्के ताकद कमी होते असे धरा, म्हणजे त्या खिंडीत आपली गाडी जवळपास अर्ध्या ताकदीवर चढत असेल. फ्युएल इंजेक्शन असेल तर इंधनाचे प्रमाण आपोआप जुळते. कार्ब्युरेटरची गाडी मात्र धूर सोडते आणि गुदमरते. थकलेले शरीर, अर्धे इंजिन आणि वितळलेल्या बर्फाने निसरडा झालेला रस्ता हे तिन्ही एकाच दिवशी एकत्र आणू नयेत. लेहला किमान दोन रात्री काढल्याशिवाय वर जाऊ नये. उंचीचा त्रास टाळण्यासाठी दिली जाणारी अ‍ॅसिटाझोलामाइडची गोळी घ्यावी की नाही, हे आपल्या डॉक्टरांना विचारून निघण्यापूर्वीच ठरवावे. सहप्रवाशाने पुढे केली म्हणून घेऊ नये.

आता दिवसांचे गणित. मैदानी महामार्गावर चहा, जेवण, पेट्रोल धरून ताशी ४५ ते ५० किलोमीटर पडतात. त्यामुळे ४५० किलोमीटर म्हणजे नऊ-दहा तास खोगीरावर, आणि सलग चार दिवस इतकेच झेपते. सहाशे किलोमीटर एक दिवस होतात. तिसऱ्या दिवशी त्याची किंमत लक्ष विचलित होण्यात मोजावी लागते. डोंगरात हीच सरासरी २५ वर येते, म्हणून तिथे दिवसाला दोनशेच्या आसपासच धरावेत. नाशिक ते जम्मू सुमारे साडेअठराशे किलोमीटर, म्हणजे चार दिवस. पाचवा दिवस श्रीनगर, सहावा कारगिल, सातवा लामायुरूवरून लेह. आठवा आणि नववा लेहमध्ये. दहाव्या दिवशी नुब्रा, अकराव्या दिवशी परत. बारावा पूर्ण मोकळा. तेराव्या दिवशी सरचू, कारण तोवर शरीर सरावलेले असते आणि आपण उतरणीच्या दिशेला असतो. चौदाव्या दिवशी मनाली, पंधराव्या दिवशी चंडीगड. तिथून गाडी रेल्वेच्या पार्सलने पाठवावी आणि आपण सोळाव्या दिवशी घरी पोहोचावे.

यात पँगाँग गळले. आपल्याला ते खटकेल, पण सोळा दिवसांत मला दुसरा मार्ग दिसत नाही. गाडी जातानाच रेल्वेने पाठवून दिवस वाचवावेत असेही काही जण सुचवतील. मी परतीच्या वेळी पाठवतो, याचे कारण साधे आहे: पार्सलला उशीर झाला, तर जाताना सगळे वेळापत्रक कोसळते, येताना काहीच बिघडत नाही. पार्सल करताना पेट्रोलची टाकी पूर्ण रिकामी लागते आणि नोंदणी पुस्तकाची प्रत जवळ असावी लागते.

बारावा दिवस मोकळा म्हणजे लेहमध्येच घालवायचा, असे नव्हे. जम्मू-श्रीनगर रस्ता दरडीने बंद पडला, झोजी लावर वाहने अडवली, किंवा कारगिलला डोके जड वाटले, तर तो दिवस तिथेच खर्च करायचा. हा दिवस जवळ असला, की अडकल्यावर माणूस घड्याळाकडे पाहत बसत नाही.

आणि इथे लेखनाचा प्रश्न येतो.

मी खारदुंग ला चौदा वेळा ओलांडली. त्या खिंडीविषयी मला दोन परिच्छेदही लिहिता येणार नाहीत, कारण प्रत्येक वेळी मी तिथे दहा मिनिटे थांबलो, छायाचित्र काढले आणि उतरलो. याउलट लाचुलुंग लाच्या अलीकडे एकदा दरड कोसळून रस्ता चार तास बंद होता, त्या चार तासांविषयी मी अजून लिहितो आहे. सीमा सडक संघटनेची एक तुकडी तिथे मलबा हटवत होती. मजूर झारखंडच्या दुमका भागातले होते. दर उन्हाळ्यात तिकडून हजारो माणसे लडाखच्या रस्त्यांवर कामाला येतात. डांबराच्या पिंपाखालच्या जाळावर त्यांनी चहा ठेवला होता आणि मलाही दिला. मी भाबडेपणाने त्यांच्या रस्त्याचे कौतुक केले. त्यावर त्यांतल्या एका वयस्कर माणसाने मला विचारले, "आपके गाँव का रास्ता किसने बनाया?" आमच्या गावचा रस्ता रोज पायाखाली असून तो कोणी बांधला हे मला सांगता आले नाही. परतल्यावर मी गावात चौकशी केली, तेव्हा कळले की १९७२ च्या दुष्काळात तो खडी फोडून तयार झाला, आणि खडी फोडणाऱ्यांत माझी आजीही होती. घरात कोणी हे कधी बोलले नव्हते. ही कथा मला लडाखने दिली, पण रस्ता चालू असता तर ती मिळाली नसती.

हे केवळ माझ्यापुरते नाही. १९५२ साली एर्नेस्तो गेव्हारा हा वैद्यकीचा विद्यार्थी (पुढे 'चे' म्हणून प्रसिद्ध झालेला क्रांतिकारक) आणि त्याचा मित्र आल्बेर्तो ग्रानादो अर्जेंटिनाहून पाचशे सीसीच्या जुन्या नॉर्टन मोटारसायकलवर निघाले. ती गाडी चिलीमध्येच कायमची बंद पडली. पुढचा बहुतेक प्रवास त्यांनी मालमोटारी, बोटी आणि तराफा यांवर केला. चुकिकामाताच्या तांब्याच्या खाणीकडे जाताना थंडीत कुडकुडणारे मजूर जोडपे भेटले, ते गाडी गेल्यानंतर. पेरूमधल्या सान पाब्लोच्या कुष्ठवसाहतीतले दिवसही त्यानंतरचेच. दुचाकीचा म्हणून जगभर ओळखला जाणारा हा प्रवास निम्म्याहून अधिक दुचाकीशिवाय झाला. आपल्याकडचे उदाहरण याहून जुने आहे. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली उत्तरेत निघाले ते ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे यांच्या यज्ञात दक्षिणा मिळेल या आशेने. वाटेत बंड उभे राहिले, ते झाशीच्या वेढ्यात सापडले आणि मिळवलेले लुटले गेले. यज्ञ आणि दक्षिणा ठरल्याप्रमाणे पार पडती, तर 'माझा प्रवास' या त्यांच्या हकिकतीची आज कोणाला आठवण राहिली असती असे मला वाटत नाही.

याचा अर्थ संकट शोधत जावे असा मुळीच नाही. सरचूच्या त्या रात्रीच्या बदल्यात मला एकही ओळ नको. माझे म्हणणे एवढेच आहे की प्रवासात अडथळे येणारच असतात. ते आले की त्यांच्याकडे पाहायला आपल्यापाशी वेळ असावा.

वेळ मिळाल्यावर काय करावे, याविषयी माझ्या सवयी सांगतो. त्याच संध्याकाळी लिहायचे, हा नियम मी मोडत नाही. दोन दिवसांनी लिहिले की आठवण गुळगुळीत होते आणि सगळेच डोंगर भव्य व सगळीच माणसे प्रेमळ होतात. माझ्या वहीच्या डाव्या पानावर रुक्ष नोंदी असतात: किलोमीटरचा काटा, पेट्रोल, चेनला तेल कधी घातले, कुठे झोपलो, डोके दुखले का. उजव्या पानावर मी दिवसातले एकच दृश्य लिहितो, पण पूर्ण लिहितो. कोणी काय म्हटले ते त्याच्याच शब्दांत आणि त्याच्याच भाषेत. कशाचा वास होता. मला काय होईल असे वाटले होते आणि प्रत्यक्षात काय झाले. या शेवटच्या प्रश्नावर मी सर्वांत जास्त थांबतो, कारण जिथे अपेक्षा आणि अनुभव यांत अंतर पडले, तिथेच बहुतेक वेळा सांगण्याजोगे काहीतरी असते. आपल्या स्पितीच्या नोंदी म्हणजे नुसती डावी पाने होती. ती फेकू नका. त्यांवरून उजव्या पानांतले काही अजून आठवते का, हे पाहा.

शिरस्त्राणावर बसवलेल्या कॅमेऱ्याविषयी बरेच जण विचारतात. रस्ता त्यात चांगला येतो, माणसे येत नाहीत. कोणाशी बोलायला थांबलात, की तो बंद करावा आणि शिरस्त्राण काढावे. लडाखमध्ये समोरच्याला "जुले" म्हणायचे असेल तर आपला चेहरा त्याला दिसायला हवा. ज्यांनी विश्वासाने आपली हकिकत सांगितली, त्यांचे नाव आणि छायाचित्र त्यांना विचारल्याशिवाय छापू नये. तंबूतला ढाबा चालवणारी बाई आपल्या धाकट्या मुलीविषयी बोलली, ते एका प्रवाशाशी बोलली. हजार वाचकांशी बोलण्याचे तिने ठरवलेले नसते.

लिहिताना आकडे तपासून घ्यावेत. खारदुंग लावर १८,३८० फूट असा फलक वर्षानुवर्षे होता आणि असंख्य प्रवासवर्णनांत तोच आकडा उतरला. उपग्रहाच्या साहाय्याने मोजलेली उंची सुमारे ५,३५९ मीटर, म्हणजे १७,५८२ फूट भरते. आठशे फुटांनी त्या खिंडीचे महत्त्व कमी होत नाही. पण जो लेखक फलक पाहून आकडा लिहितो, त्याने नाल्यातले पाणी "कमरेएवढे" होते म्हटल्यावर मी विश्वास ठेवत नाही. वितळणाऱ्या हिमाचे नाले सकाळी लवकर कमी असतात आणि दुपारनंतर फुगतात. "सकाळी सातला घोट्यापर्यंत होते, तीन वाजता चाकाच्या धुरीपर्यंत आले" एवढे लिहिले तरी वाचकाला भीती कळते. ओलांडण्याची वेळ निवडताना हीच नोंद आपल्याही उपयोगाची आहे.

आणि लेख घरापासून सुरू करू नये. नाशिकहून निघतानाची पहाट, आईचे दही आणि मित्रांचा निरोप हे आपल्याला प्रिय असणारच, पण वाचकाला ते अजून प्रिय झालेले नसते. वहीतले सर्वांत भरीव उजवे पान उघडावे आणि तिथून सुरुवात करावी. मागचे-पुढचे लागेल तेवढेच आणावे. मी परतल्यावर महिनाभर काही लिहीत नाही. तेवढ्या काळात मित्रांना आणि घरच्यांना जे प्रसंग मी आपणहून पुन्हा पुन्हा सांगतो, ते लेखात जातात. जे एकदाही सांगावेसे वाटले नाहीत, ते कितीही उंच असले तरी वहीतच राहतात.

काही फुटकळ पण आवश्यक गोष्टी. बाहेरच्या राज्यातले प्रीपेड सिमकार्ड लडाखमध्ये चालत नाही, पोस्टपेड घ्यावे. एकटे आहात, म्हणून रोज संध्याकाळचा मुक्काम आणि उद्याचा टप्पा घरी कळवण्याची वेळ ठरवून ठेवावी. मनालीच्या रस्त्यावर मोठ्या पट्ट्यात फोन लागत नाही, हेही घरच्यांना आधी सांगावे. क्लचची केबल, ट्यूब आणि पंक्चरचे सामान सोबत असावे, आणि ते नुसते असू नये, निघण्यापूर्वी एकदा स्वतःच्या हाताने बदलून पाहावे. मनालीकडून येताना लाहौलमध्ये लागणाऱ्या टांडीच्या पेट्रोल पंपावर "पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर" असा फलक अनेक वर्षे होता. आपण उलट दिशेने येणार आहात, म्हणून तोच विचार लेह सोडताना करावा: टाकी काठोकाठ आणि वर पाच लिटरचा कॅन.

वहीसाठी पेनाऐवजी साधी शिसपेन्सिल घ्यावी. थंडीत पेनातली शाई धरून बसते आणि तंबूत पाणी सांडले की लिहिलेले पुसले जाते. कारगिलचा मुक्काम आणि बारावा दिवस धरून वेळापत्रक पुन्हा आखावे आणि गाडीचे मॉडेल व वर्ष यांसह मला कळवावे. चेन, टायर आणि ब्रेक यांविषयी त्यानंतर नेमके लिहिता येईल.